भिंतीचे कान

(आजकाल शहरांत नवी घरे हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बांधली जातात. या भिंती आवाज किती अडवतात, किती सोडतात आणि तो अडवायचा असेल तर काय करावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मराठीत एक म्हण आहे, 'भिंतीलाही कान असतात.' उर्दूतही ही म्हण तुम्ही घरी ऐकली असेल, 'दीवारों के भी कान होते हैं.' दोन्ही भाषांत अर्थ एकच. गुपित बोलताना जपून बोला, पलीकडे कोणीतरी ऐकत असेल. पण या म्हणीचा आपण शब्दशः अर्थ घेतला तर? भिंतीतून आवाज खरोखर कसा जातो? सगळ्या भिंतींचे कान सारखेच तीक्ष्ण असतात का?

रायगड जिल्ह्यात पनवेल शहराला लागून करंजाडे ही वसाहत आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या संस्थेने ती वसवली. पूर्वी येथे भातशेती आणि लहान गाव होते. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती आहेत. नवी मुंबई विमानतळासाठी ज्या दहा गावांतील कुटुंबांना हलवावे लागले, त्यांच्यासाठी वडघर-करंजाडे परिसरातही पुनर्वसनाचे भूखंड आहेत. गावातले घर वेगळे होते. दोन घरांच्या मध्ये अंगण असे, परसदार असे, झाडे असत. आता एकाच भिंतीच्या अलीकडे एक कुटुंब आणि पलीकडे दुसरे कुटुंब राहते. एका घरात दहावीची परीक्षा असते, तर दुसऱ्या घरात हळदीचा कार्यक्रम असतो. एका घरातला माणूस रात्रपाळी करून सकाळी झोपतो, त्याच वेळी शेजारी मिक्सर सुरू होतो. दोघांपैकी कोणाचीच चूक नसते. मधली भिंत कशी आहे, यावर त्यांचे शेजारपण बरेचसे अवलंबून असते.

पनवेल परिसरात चालू असलेले एखादे बांधकाम पाहा. तेथे लाल विटांऐवजी करड्या-पांढऱ्या रंगाचे मोठे ठोकळे रचून ठेवलेले दिसतात. गवंडी त्यांना 'ब्लॉक' म्हणतात. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी त्यांना 'सिपोरेक्स' असेही म्हणतात. सिपोरेक्स हे खरे तर एका स्वीडिश उत्पादनाचे नाव. १९७० च्या दशकात बी. जी. शिर्के यांच्या उद्योगसमूहाने पुण्यात हे ठोकळे बनवण्यास सुरुवात केली आणि कारखान्याचे नाव वस्तूलाच चिकटले. मूळ शोध स्वीडनमधील वास्तुशास्त्रज्ञ एरिक्सन यांचा. त्यांनी १९२० च्या दशकात तो लावला आणि १९२९ पासून कारखान्यात उत्पादन सुरू झाले. थंड देशात लाकडी घरांना पर्याय हवा होता. ऊब टिकवणारी, न जळणारी, न कुजणारी भिंत हवी होती.

हा ठोकळा कसा बनतो, ते मोठे गमतीचे आहे. वीज केंद्रातली कोळशाची राख किंवा बारीक दळलेली वाळू, सिमेंट, चुना आणि थोडे जिप्सम पाण्यात कालवतात. त्यात अगदी थोडी ॲल्युमिनियमची भुकटी घालतात. चुना आणि ॲल्युमिनियम यांची रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन वायूचे असंख्य बुडबुडे तयार होतात. ढोकळ्याचे पीठ फुगावे तसे ते मिश्रण साच्यात फुगते. ते थोडे घट्ट झाले की तारांनी त्याच्या वड्या पाडतात. नंतर मोठ्या बंद टाकीत सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या दाबाखालील वाफेत कित्येक तास ठेवतात. हायड्रोजन निघून जातो, त्याच्या जागी हवा येते आणि ठोकळा पक्का होतो. या ठोकळ्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हवाच असते. कोरडा ठोकळा बादलीभर पाण्यात टाकला तर तो तरंगतो!

एक घनमीटर विटांच्या भिंतीचे वजन सुमारे १८०० किलो भरते. तेवढ्याच आकाराच्या या ठोकळ्यांचे वजन साधारण ६०० किलो असते. हलकेपणाचे फायदे पुष्कळ आहेत. इमारतीच्या पायावर आणि खांबांवर भार कमी येतो. लोखंड कमी लागते. विटांसाठी शेतातली सुपीक माती खणावी लागत नाही. भूकंपातही हलकी इमारत बरी, कारण इमारत जितकी जड, तितका भूकंपाचा धक्का तिला जास्त बसतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत दगड-मातीच्या जाड, जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो लोक गेले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. म्हणून हलकेपणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. उन्हाळ्यातही हा ठोकळा उपयोगी पडतो. त्यातली कोंडलेली हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही.

येथेच एक गैरसमज होतो. उष्णता अडते, तर आवाजही अडत असेल, असे लोकांना वाटते. जाहिरातींतही 'उष्णतारोधक आणि ध्वनिरोधक' असे दोन शब्द जोडीने येतात. पण या दोन गोष्टींची रीत वेगळी आहे.

आवाज म्हणजे हवेची थरथर. शेजारी कोणी मोठ्याने बोलले की हवेच्या लहरी भिंतीवर आपटतात. भिंत अगदी किंचित हलते. ती हलली की आपल्या बाजूची हवा हलते आणि आवाज आपल्या कानापर्यंत येतो. म्हणजे भिंत हे एक मोठे, ताठ ढोलाचे कातडेच आहे! आता विचार करा. रिकामी खुर्ची ढकलणे सोपे की पुस्तकांनी भरलेले लोखंडी कपाट ढकलणे सोपे? जड वस्तू हलवायला कठीण. त्याचप्रमाणे जड भिंत आवाजाला हलवता येत नाही. हलकी भिंत लवकर हलते. ध्वनिशास्त्रात याला 'वस्तुमानाचा नियम' म्हणतात. भिंतीचे वजन दुप्पट केले की तिचा ध्वनिरोध ५ ते ६ डेसिबलने वाढतो. डेसिबल हे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक आहे. कुजबुज साधारण ३० डेसिबल, नेहमीचे बोलणे ६० डेसिबल. पातळी १० डेसिबलने वाढली की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो सुमारे दुप्पट मोठा वाटतो.

जुन्या पद्धतीची नऊ इंची विटांची भिंत, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली, साधारण ५० डेसिबल आवाज अडवते. चार इंची ठोकळ्यांची गिलावा केलेली भिंत ४० च्या आसपास अडवते. सहा इंची भिंत त्याहून थोडी जास्त, तर आठ इंची भिंत ४५ ते ४८ पर्यंत जाते. या ठोकळ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या आतल्या बारीक रचनेमुळे थरथर थोडी जिरते, म्हणून तो आपल्या वजनाच्या मानाने जरा चांगले काम करतो. पण जरासेच.

४० आणि ५० यांत फरक तो किती, असे तुम्ही म्हणाल. समजा, शेजारच्या घरात कडाक्याचे भांडण चालू आहे. आवाज ८० डेसिबल आहे. ४० डेसिबल अडवणाऱ्या भिंतीतून तुमच्या खोलीत ४० डेसिबल येतात. रात्रीच्या शांततेत तेवढ्यात शब्दसुद्धा समजतात. ५० डेसिबल अडवणाऱ्या भिंतीतून ३० येतात. कोणीतरी बोलत आहे एवढेच कळते, काय बोलत आहे ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपण्याच्या खोलीत आवाज ३० डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असे सुचवले होते. झोप लागणे आणि झोप मोडणे यांतले अंतर एवढेच आहे. शेजाऱ्याची अब्रू राहणे आणि जाणे यांतलेही!

लग्नाच्या मिरवणुकीतला ढोल घरात ऐकू येतो, पण गाण्याचे शब्द कळत नाहीत, हे तुमच्या लक्षात आले असेल. ढोलाच्या खर्जातल्या लहरी सावकाश येतात. भिंतीला त्या आरामात हलवतात. शिट्टीसारख्या उंच स्वरांच्या लहरी इतक्या वेगाने पुढे-मागे होतात, की जड भिंत त्यांच्यामागे हलूच शकत नाही. म्हणून हलक्या भिंतीची खरी परीक्षा ढोलाने होते, बोलण्याने नव्हे.

आता गिलाव्याकडे वळू. चार इंची ठोकळ्यांच्या एक चौरस मीटर भिंतीचे वजन अवघे ६० किलो. तिच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या इंचाचा सिमेंटचा गिलावा केला तर सुमारे ४५ किलो वजन वाढते. म्हणजे भिंतीचे जवळजवळ अर्धे वजन गिलाव्याचेच! शिवाय ठोकळ्यांची छिद्रे आणि सांधे त्याने बुजतात. चांगला गवंडी हे जाणतो. घाईचे काम करणारा मात्र भिंतीच्या वरच्या टोकाला, जेथे ती बीमला भिडते, तेथे फट तशीच सोडतो आणि वरून पातळ गिलावा फासतो. कधी कधी छताखाली शोभेचे दुसरे छत बसवायचे असते, म्हणून त्याच्या वरच्या भागात गिलावा करतच नाहीत. खालून भिंत सुरेख दिसते. आवाज मात्र वरून शांतपणे निघून जातो. विजेच्या तारांसाठी भिंतीत झिरी मारतात, तेव्हा चार इंची भिंत तेथे दोन-तीन इंचच उरते. त्यातून दोन्ही घरांचे विजेचे बोर्ड पाठीला पाठ लावून बसवले, तर तेथे भिंत जवळजवळ नसतेच.

फटीचे गणित तर चकित करणारे आहे. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढे भोक असेल, तर भिंत कितीही जाड असली तरी एकूण रोध २० डेसिबलच्या वर जात नाही. शंभरातला एक भाग आवाज सरळ पलीकडे जातो आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपटच. दोन मीटर उंच दरवाजाच्या खाली एक सेंटीमीटरची फट, ही दरवाजाच्या दोनशेव्या भागाएवढी असते. म्हणजे महागडा सागवानी दरवाजाही फार तर २३ डेसिबल आवाज अडवणार!

हे घरी करून पाहता येते. आईची परवानगी घेऊन रिकामा, कोरडा प्रेशर कुकर घ्या. तो शेगडीवर ठेवायचा नाही. वाजणारा गजर किंवा मोबाइल आधी पातळ टॉवेलात गुंडाळा. आवाज फारसा कमी होत नाही. मग टॉवेल काढून तो कुकरात ठेवा आणि झाकण रबरी रिंगसह घट्ट लावा. आवाज एकदम दबतो. आता झाकण थोडे सैल करा. आवाज पुन्हा बाहेर! कुकरचे वजन तेच आहे, फक्त फट वाढली.

टॉवेलाने काम का झाले नाही? कारण मऊ वस्तू आवाज शोषते, अडवत नाही. या दोन क्रिया वेगळ्या आहेत. १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाला एक काम मिळाले. नव्या व्याख्यानगृहात शब्द इतके घुमत, की काही समजत नसे. सेबाइन रात्री शांतता झाल्यावर जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या त्या सभागृहात आणून मांडत आणि आवाज किती वेळात विरतो ते मोजत. गाद्या वाढल्या तसे घुमणे कमी झाले. पण हे खोलीतल्या खोलीत घडते. गादीमुळे आपल्या खोलीतला घुमणारा आवाज मरतो, शेजाऱ्याचा आवाज भिंतीतच थांबत नाही. म्हणून भिंतीला अंड्यांचे कागदी ट्रे किंवा स्पंज चिकटवण्यात पैसे घालवू नयेत. थर्माकोल चिकटवून त्यावर गिलावा केला तर काही वेळा उलट आवाज वाढतो.

मग उपाय कोणते? सर्वांत स्वस्त उपाय फटी बुजवण्याचा. बीमखालची फट खरवडून मसाल्याने भरावी, बोर्डामागची पोकळी बुजवावी, दरवाजाच्या चौकटीला आणि खालच्या कडेला रबरी पट्टी लावावी. याला गवंड्याचा एक दिवस पुरतो आणि फरक कानाला कळतो. त्याने भागले नाही तर भिंतीपासून थोडे अंतर सोडून, तिला न चिकटवता दुसरी पातळ भिंत उभारतात. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीवर जिप्समचे दोन थर बसवतात आणि मधल्या पोकळीत खनिज लोकर भरतात. दोन भिंती एकमेकींना धरून नसल्या की एकीची थरथर दुसरीला सहज पोहोचत नाही. हा उपाय चांगला, पण खर्चाचा आहे आणि खोलीची तीन-चार इंच जागा जाते. लहान घरात ती जागाही मोलाची असते. घर बांधतानाच दोन घरांमधली भिंत चार इंचांऐवजी आठ इंचांची केली, तर पुढचे बरेचसे टळते. पण ते घर घेणाऱ्याच्या हातात क्वचितच असते. घर पाहायला गेलेले लोक फरशी पाहतात, नळ सोडून पाहतात. मधली भिंत किती इंची आहे, हे मात्र फारच थोडे लोक विचारतात.

काही आवाज मात्र भिंतीचे नसतातच. वरच्या मजल्यावर खुर्ची ओढली, खलबत्त्यात मसाला कुटला, तर तो आवाज स्लॅबमधून येतो. ठोकळे बदलून तो कमी होणार नाही. तो जेथे निर्माण होतो तेथेच थांबवावा लागतो. खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या, खलबत्त्याखाली जाड घडीचे पोते, फरशीवर सतरंजी.

आणि बाहेरचा आवाज? करंजाडेजवळ असलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पनवेलजवळून जाणाऱ्या महामार्गांवर जड वाहनेही रात्रंदिवस धावतात. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बाहेरच्या आवाजापुढे भिंतीचा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण भिंतीत खिडकी आहे. खिडकी उघडी असेल तर बाहेरचा आवाज जेमतेम १० ते १५ डेसिबल कमी होऊन आत येतो, मग भिंत विटांची असो की ठोकळ्यांची. सरकत्या खिडकीच्या पट्ट्यांमध्येही फट राहते. घट्ट मिटणारी, जाड काचेची खिडकी पुष्कळ आवाज अडवते. पण कोकणपट्टीच्या मे महिन्यातल्या दमट उकाड्यात ती मिटून झोपायचे कसे? ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे, ते मिटतात. इतरांना वारा हवा की शांतता, हे रोज रात्री ठरवावे लागते.

शब्दार्थ

वसाहत – नव्याने वसवलेली वस्ती
पुनर्वसन – हलवलेल्या लोकांना दुसरीकडे वसवणे
गवंडी – भिंत बांधणारा कारागीर
गिलावा – भिंतीवरील सिमेंटचा लेप, प्लास्टर
झिरी – भिंतीत खोदलेली अरुंद खाच
मसाला – (येथे) सिमेंट व वाळू यांचे कालवलेले मिश्रण
ध्वनिरोध – आवाज अडवण्याची क्षमता
खर्ज – खालचा, जाड स्वर
अब्रू – इज्जत
दुय्यम – कमी महत्त्वाचा
सतरंजी – जाड सुती बिछायत

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्याला अनेक ठिकाणी कोणत्या नावाने ओळखतात?
(आ) ठोकळ्याच्या मिश्रणात बुडबुडे कशामुळे तयार होतात?
(इ) निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा किती आहे?

२. कारणे लिहा.
(अ) मिरवणुकीतला ढोल घरात ऐकू येतो, पण गाण्याचे शब्द कळत नाहीत.
(आ) भिंतीला स्पंज चिकटवून शेजारचा आवाज थांबत नाही.

३. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
हलक्या भिंतीचे फायदे कोणते व तोटा कोणता? तुमच्या मते करंजाड्यासारख्या वसाहतीत कोणती भिंत योग्य? का?

४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
हलका, घट्ट, स्वस्त, शांतता, उघडी

५. 'आवाज', 'दरवाजा', 'मसाला', 'अब्रू' हे शब्द उर्दूतही आहेत. या पाठातून असे आणखी चार शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : कुकरचा प्रयोग करून पाहा. आपल्या घरात आवाज कोणकोणत्या फटींतून येतो, ते रात्री शोधून वहीत नोंदवा.